ख्रिस्ती रॉक आणि पॉप: ऐकण्यासाठी काय सुचवाल आणि कॉयरने गाण्यासाठी काय?

वेंगुर्ले_कॉयर

सर्वांना नमस्कार. सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील आमच्या लहानशा धर्मग्रामात तरुणांच्या कॉयरची (चर्चमधील गायकवृंदाची) जबाबदारी माझ्याकडे आहे. मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) आम्ही मराठी आणि कोकणी गीते नेमाने गातो, फेस्ताआधीच्या (संताच्या सणाआधीच्या) नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना गातो, मे महिन्यात वाड्यावाड्यांतील क्रुसांसमोर लदीन, म्हणजे एकाने म्हणायची आणि इतरांनी उत्तर द्यायची प्रार्थना, म्हणतो. ही परंपरा मला प्रिय आहे आणि ती बाजूला सारण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु कॉयरमधील मुले-मुली कॉलेजच्या वयाची आहेत, घरी ती रॉक आणि पॉप ऐकतात, आणि त्यांतील काही जण गिटार व ड्रम मन लावून शिकत आहेत. आपल्या श्रद्धेविषयी बोलणारे, पण संगीत म्हणूनही कसदार असे काही या प्रकारात आहे का, असे त्यांनी मला विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

मी स्वतः शोध घेतला तेव्हा बहुतेक ठिकाणी एकाच घडणीची गाणी समोर आली: संथ सुरुवात, त्याच चार कॉर्ड, हळूहळू चढत जाणारा आवाज आणि शेवटी एकाच ओळीची पुष्कळ वेळा पुनरावृत्ती. त्या गाण्यांतील भक्तीविषयी मला शंका नाही. तरीही बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच विलाप आहे, प्रश्न आहेत, देवावरचा रुसवाही आहे, आणि तो भाग या गाण्यांत मला फारसा सापडला नाही. म्हणून लोकप्रियतेची यादी न देता, आपण स्वतः वर्षानुवर्षे ऐकत आलेले एखाद-दोन अल्बम सांगावेत आणि ते जवळचे का वाटतात तेही लिहावे, ही विनंती. त्यांपैकी काही तरुणांच्या सायंप्रार्थनेत गाता आले तर उत्तमच. आमच्याकडे अकूस्टिक गिटार, एक कीबोर्ड आणि साधा ड्रम सेट आहे. मुलांचे इंग्रजी कामापुरते आहे.

वसईकर

आपण यादी नको म्हणालात हे फार बरे केलेत. मी वसईच्या एका धर्मग्रामात वाढलो. आमच्याकडे लग्नाला आणि सणाला ब्रास बँड असायचाच, आणि रॉक संगीत मात्र मुंबईहून कोणीतरी आणलेल्या कॅसेटवरून कॅसेटवर उतरत आमच्यापर्यंत पोहोचायचे. त्यामुळे माझ्या शिफारशी जुन्या आहेत, पण त्या मनापासून आहेत.

आरंभ लॅरी नॉर्मनपासून करावा. त्याचा ‘अपॉन धिस रॉक’ हा १९६९ सालचा अल्बम ख्रिस्ती रॉकचा पहिला अल्बम म्हणून ओळखला जातो, पण मुलांना ऐकवायचा तो १९७२ सालचा ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला आहे. व्हिएतनामचे युद्ध, व्यसने, एकटेपणा आणि चर्चमधला कोरडेपणा या सगळ्यांविषयी तो माणूस येशूचे नाव घेऊन बोलतो आणि कोणाचीही भीड ठेवत नाही. श्रद्धावंताने जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे ही अपेक्षा मला प्रथम त्याच्या गाण्यांतून समजली.

त्यानंतर कीथ ग्रीन. हा पियानोवर गाणारा तरुण २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता आणि त्याची दोन लहान मुलेही त्याच अपघातात गेली. सुवार्तेची किंमत लावू नये या विचाराने त्याने १९८० साली ‘सो यू वाना गो बॅक टू इजिप्त’ हा अल्बम ज्याला जेवढे परवडेल तेवढ्या पैशांत दिला. त्यातील एका गाण्यात बॉब डिलनने हार्मोनिका वाजवला आहे. डिलनचा स्वतःचा १९७९ सालचा ‘स्लो ट्रेन कमिंग’ही जरूर ऐकवा. त्यात मार्क नॉफ्लरची गिटार आहे आणि गिटार शिकणाऱ्या मुलांना त्या वादनातला संयम पुष्कळ काही शिकवून जाईल. कीथ ग्रीनची काही गाणी कठोर आहेत, ऐकणाऱ्याला ती जाब विचारतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती ऐकावीत असे मला वाटते, कारण त्या दिवसांत आपण तो जाब ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो.

पेट्रा या बँडविषयी मी पक्षपाती आहे. बॉब हार्टमनने १९७२ साली सुरू केलेल्या या बँडचा १९८२ सालचा ‘मोअर पॉवर टू या’ आणि १९९० सालचा ‘बियाँड बिलीफ’ हे दोन अल्बम खणखणीत गिटारच्या चाहत्यांनी ऐकावेत. दुसऱ्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. याहून कडक हवे असेल तर स्ट्रायपरचा १९८६ सालचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ आहे. नाव ऐकून घरातली मोठी माणसे दचकतील, पण ही मंडळी कार्यक्रमात प्रेक्षकांना बायबलच्या प्रती वाटत असत.

आता ज्याच्यासाठी हा सारा मजकूर लिहिला तो रिच मलिन्स. त्याचा १९९३ सालचा ‘अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड’ हा अल्बम आपल्यासारख्या मिस्सेच्या वळणात वाढलेल्या माणसाने एकदा तरी शांतपणे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. त्यात प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धेचे सार सांगणारी प्रार्थना), जो आपण रोझरीच्या (जपमाळेच्या) आरंभी म्हणतो, तो जवळजवळ जसाच्या तसा गाण्यात बसवलेला आहे. त्यावर हॅमर्ड डल्सिमर हे छोट्या हातोड्यांनी वाजवायचे तंतुवाद्य आहे, ज्याचा नाद आपल्याकडच्या संतूरच्या फार जवळचा आहे. वर्षानुवर्षे पाठ असलेले शब्द त्या नादावर ऐकताना प्रत्येक वाक्यापाशी आपण थांबतो. मी हे गाणे कितीदा ऐकले याची गणती नाही, पण ‘दुःख सोसले, मेला, पुरला गेला’ या अर्थाची ओळ आली की आजही हातातले काम थांबते. मलिन्स आपल्या अल्बमच्या उत्पन्नातून सामान्य कामगाराएवढे वेतन घेई आणि उरलेले दान करी. अखेरच्या वर्षांत तो नॅव्हाहो आदिवासींच्या भागात मुलांना संगीत शिकवत राहिला आणि १९९७ साली रस्ता अपघातात वारला. गाणे आणि जगणे यांत इतके कमी अंतर असलेला दुसरा गायक या क्षेत्रात मला माहीत नाही.

जाता जाता मिस्टर मिस्टर या बँडचे १९८५ सालचे ‘किरिये’ सुचवतो. हा बँड ख्रिस्ती संगीताच्या बाजारातला नव्हता, तरी मिस्सेतली ‘हे प्रभो, दया कर’ ही प्राचीन ग्रीक प्रार्थना त्यांनी ध्रुवपदात घेतली आणि १९८६ साली ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

रत्नागिरी_संगीतशिक्षिका

वसईकर दादांनी ऐकण्याची बाजू इतकी समर्थपणे मांडली आहे की मी गाण्याच्या बाजूविषयीच लिहिते. मी प्रॉटेस्टंट मंडळीतील आहे आणि आमच्या उपासनेत गायनाचा भार सगळ्या मंडळीवर असतो, त्यामुळे एखादे गाणे ऐकायला सुंदर असणे आणि ते लोकांना गाता येणे यांतील फरक मला दर रविवारी दिसतो.

रॉक आणि पॉप गाणे बहुतेक वेळा एका विशिष्ट गायकाच्या गळ्यासाठी रचलेले असते. कडवे मंद्रात सुरू होते, ध्रुवपद तारसप्तकात चढते आणि मधले अंतर दीड सप्तकाच्या आसपास जाते. हिल्सॉंग युनायटेडचे २०१३ सालचे ‘ओशन्स’ हे गाणे पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालत येशूकडे जातो, त्या प्रसंगावर ते आधारलेले आहे, आणि समुद्रकाठच्या माणसाला ते चटकन भिडते हे मी जाणते. पण ते जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे, त्याचा उत्तरार्ध उंच पट्टीत जातो, आणि आमच्याकडे तो भाग आला की मंडळी गप्प होऊन गाणाऱ्या मुलीकडे पाहू लागते. ते एकल गायनासाठी ठेवावे.

सामुदायिक गायनासाठी मी तीन गाणी निवडेन. मॅट रेडमन आणि योनास मिरिन यांचे २०११ सालचे ‘टेन थाउजंड रीझन्स’ स्तोत्र १०३ वर आधारित आहे. ते ध्रुवपदानेच सुरू होते, म्हणून लोक पहिल्या क्षणापासून सामील होतात. दुसरे अँड्र्यू पीटरसनचे २०१८ सालचे ‘इज ही वर्दी’, बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायावरचे. त्यात एक जण प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन-तीन शब्दांत उत्तर देतात. तुमच्या लदिनात हेच घडते, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांनाही त्याची रीत समजावून सांगावी लागणार नाही. याच पीटरसनचा ‘बिहोल्ड द लॅम्ब ऑफ गॉड’ हा २००४ सालचा अल्बम आगमनकाळात (नाताळाआधीच्या दिवसांत) ऐका. वल्हांडणापासून बेथलेहेमपर्यंतची सगळी कथा त्यात ओळीने येते आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळसुद्धा त्याने ठेक्यावर गायली आहे. मुलांना ती पाठ होते, हा माझा अनुभव आहे.

तिसरे गाणे कॅथलिक गायक मॅट मार याचे ‘लॉर्ड, आय नीड यू’. २०१३ साली रिओ येथील जागतिक युवा दिनाच्या वेळी कोपाकबाना किनाऱ्यावर पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत झालेल्या जागरण-प्रार्थनेत त्याने ते गायले होते. पवित्र साक्रामेंताच्या (पवित्र भाकरीच्या) आराधनेत हे गाणे शोभून दिसेल. एक सूचना मात्र नम्रपणे करते. तुमच्या मिस्सेत ‘गौरव’ आणि ‘पवित्र, पवित्र’ यांचे शब्द ठरलेले असतात, तेव्हा त्या जागी एखादे पॉप गीत बसवण्याचा मोह मुलांना झाला तर आधी फादरांना विचारावे. ही गाणी सायंप्रार्थनेतच खुलतात.

पट्टीविषयी थोडे. कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावल्याने गिटारची पट्टी वर जाते, खाली येत नाही. म्हणून मूळ गाणे पुरुषाच्या उंच आवाजातले असेल तर कॅपोच्या भरवशावर न राहता कॉर्डच बदलून गाणे दोन-तीन सूर खाली आणावे आणि कीबोर्डवर ट्रान्सपोझ करून (पट्टी बदलून) आधी सर्वांच्या गळ्याला ते मानवते का हे पाहावे. सराव ड्रमशिवाय सुरू करा. बंदिस्त चर्चमध्ये ड्रमचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि शब्द बुडतात.

आणखी एक विचार आहे, जो मला या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन या आपल्या मातीतील रूपांत ख्रिस्तभक्ती गायली. त्यांची पदे शंभर वर्षांनंतरही आमच्या मंडळीत गायली जातात, कारण ध्रुवपद परत परत येते, शब्द सोपे असतात आणि भाव खरा असतो. तुमच्या मुलांकडे गिटार आणि ड्रम आहेत. इंग्रजी गाणी त्यांनी अवश्य ऐकावीत, पण वर्षातून एखादे तरी टिळकांचे पद घेऊन त्याला स्वतःची रॉकची मांडणी करून पाहावी. भजनाचा ठेका आणि ड्रमचा बीट एकमेकांना सहज सामावून घेतात, आणि अशा गाण्याचा शब्द समोरच्या म्हाताऱ्या बाईपर्यंतही पोहोचतो.

मालवणचा_बेसिस्ट

ताईंचे पट्टीविषयीचे म्हणणे मला पटते, मात्र ‘ओशन्स’च्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. सगळ्यांना गाता आले नाही म्हणून गाणे प्रार्थनेतून वगळावे असे नाही. काही वेळा एकाने गावे आणि इतरांनी मनात प्रार्थना करावी, यातही सामुदायिकता असते. आमच्याकडे घराघरांत मासेमारीला जाणारी माणसे आहेत आणि वादळाच्या दिवसांत पेत्राचा तो प्रसंग आम्ही फार वेगळ्या मनाने ऐकतो.

मी स्वतः स्विचफूटचा चाहता आहे. सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर वाढलेल्या सर्फिंग करणाऱ्या मुलांचा हा बँड १९९६ साली सुरू झाला आणि २००३ सालच्या ‘द ब्युटिफुल लेटडाउन’ या अल्बमने तो जगभर पोहोचला. येशूचे नाव त्यांच्या अनेक गाण्यांत येतही नाही, पण आपण आत्ता जगतो आहोत त्याहून मोठ्या कशासाठी तरी निर्माण झालो आहोत, ही तळमळ प्रत्येक गाण्यात ऐकू येते. चर्चमध्ये पाऊल न टाकणाऱ्या माझ्या मित्रांनाही मी हा अल्बम दिला आणि त्यानंतर आमच्यात श्रद्धेविषयी जे बोलणे झाले ते एरवी कधीच झाले नसते. त्यांचा गायक जॉन फोरमन याने २००७-०८ मध्ये चार ऋतूंच्या नावांनी चार छोटे अल्बम काढले. ते जवळजवळ पूर्ण अकूस्टिक आहेत, त्यामुळे आपल्या वाद्यांवर सहज बसतील. त्यांतील ‘समर’मध्ये स्तोत्र २३ वर रचलेले ‘हाउस ऑफ गॉड, फॉरेव्हर’ आहे, ते आधी वाजवून पाहा.

अकूस्टिक गिटारच्या जोरावर उभे राहिलेले दुसरे उदाहरण म्हणजे जार्स ऑफ क्ले यांचा १९९५ सालचा पहिला अल्बम. त्यातील ‘फ्लड’ गाण्यात बुडणाऱ्या माणसाची हाक आहे आणि अकूस्टिक गिटार किती आक्रमक वाजू शकते हे त्यात कळते. स्किलेटचा २००९ सालचा ‘अवेक’ ड्रम शिकणाऱ्या मुलांना आवडेल. मला त्याची निर्मिती जरा जास्तच चकचकीत वाटते, पण त्या वयात तो जोम हवासा असतो.

आणि यूटू या बँडचे ‘फोर्टी’. १९८३ सालच्या ‘वॉर’ अल्बमचे हे शेवटचे गाणे स्तोत्र ४० वर आधारलेले आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बेस वाजवणारा अॅडम क्लेटन स्टुडिओतून निघून गेला होता, म्हणून बेसही गिटारवादक एजनेच वाजवला, आणि ती बेसची ओळ शिकाऊ वादकालाही थोड्या सरावाने जमते. अनेक वर्षे ते कार्यक्रमाच्या शेवटी हे गाणे घेत, एकेक वादक मंचावरून निघून जाई आणि प्रेक्षक ध्रुवपद गातच राहत. सर्वांना गाता येईल असे रॉक गाणे ताईंना हवे असेल, तर त्यांनी हे ऐकून मत द्यावे.

वेंगुर्ले_कॉयर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काल सरावाच्या वेळी ‘फोर्टी’ आणि रिच मलिन्सचे विश्वासांगीकाराचे गाणे मुलांना ऐकवले. दुसऱ्या गाण्यानंतर कोणी लगेच बोलले नाही, आणि मग ड्रम वाजवणाऱ्या मुलाने ते पुन्हा लावायला सांगितले. टिळकांच्या पदाची कल्पनाही त्यांना भावली आहे, ताई, आणि पद कोणते घ्यावे यावर त्यांच्यात चर्चा सुरू झाली आहे.

आणखी एक विचारतो. कॉयरमधील एका मुलाचे वडील याच वर्षी वारले. तो सरावाला येतो, गिटार वाजवतो, पण आनंदाची स्तुतिगीते सुरू झाली की गात नाही. त्याच्यावर मी कोणतीही सक्ती करत नाही. त्याला देता येईल असे काही आपल्याला ठाऊक आहे का?

वसईकर

आहे. स्टीव्हन कर्टिस चॅपमन याचा २००९ सालचा ‘ब्युटी विल राइज’. त्याच्या लहान मुलीचे २००८ साली घराच्या आवारातच अपघाती निधन झाले आणि त्यानंतर त्याने ही गाणी लिहिली. त्यांत पुनरुत्थानाची आशा आहे, पण ती सहजासहजी येत नाही. आधी रिकामी खोली येते, देवाला विचारलेले प्रश्न येतात, रडणे येते. मर्सीमी या बँडचे ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ हेही त्यांचा गायक बार्ट मिलार्डने वडिलांच्या मृत्यूनंतर लिहिलेले आहे, आणि अशा प्रसंगी बहुतेक लोक तेच आधी देतात. तरी ते थोडे नंतर द्यावे असे मी म्हणेन, कारण त्यात स्वर्गातला आनंद आहे आणि तो मुलगा अजून तिथवर आला नसेल.

मलिन्सच्या त्याच अल्बममध्ये ‘होल्ड मी जीझस’ आहे. भेदरलेल्या माणसाची ती रात्रीची प्रार्थना आहे आणि गिटारवर ती एकट्याला वाजवता येते. कॉर्ड लिहून त्या मुलाला द्या, सर्वांसमोर वाजवायला सांगू नका. आणि यूटूचे ‘फोर्टी’ तुम्ही बसवणारच असाल तर त्यातली गिटार त्याच्याकडे सोपवा. त्या गाण्यात ‘किती काळ?’ असा प्रश्न देवाला विचारलेला आहे आणि तो सगळा कॉयर मिळून विचारतो. त्याला त्या वेळी गावेसे वाटले नाही तरी वाजवता येईल.

रत्नागिरी_संगीतशिक्षिका

‘फोर्टी’ ऐकले. ध्रुवपदाचा पल्ला लहान आहे, मंडळीला नक्की गाता येईल. मुलींच्या गळ्यासाठी पट्टी ठरवताना घाई करू नका, आणि त्या मुलाला ज्या कॉर्ड सोप्या जातात त्याच पट्टीचा विचार आधी करा.